मुंबईच्या हवेत रोज जवळ ठेवायचा चाकू: कोणता घ्यायचा, धार कशी लावायची, गंजापासून कसा वाचवायचा

आधी प्रश्न काय होता ते सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंडला राहणारा, बीकेसीत नोकरी करणारा एक मुलगा विचारतोय की रोज जवळ ठेवायला छोटा फोल्डिंग चाकू हवा, बजेट तीन हजारांच्या आसपास, काम म्हणजे पार्सलं उघडणं, ऑफिसात फळं कापणं आणि पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक. सगळे चांगलं म्हणतात म्हणून त्याने डी२ स्टीलचा चाकू ऑनलाइन मागवला आणि जुलैच्या मध्यात पात्यावर तपकिरी ठिपके आले. आता त्याला वाटतंय माल डुप्लिकेट निघाला. शिवाय घरी धार कशी लावायची आणि असा चाकू जवळ ठेवणं कायद्यात बसतं का, हेही विचारलंय.

माल डुप्लिकेट असेलच असं नाही रे, बहुतेक खराच डी२ आहे आणि म्हणूनच गंजलाय. मी भांडुपच्या टूलरूममध्ये वर्षानुवर्षं काढली आणि हे स्टील आमच्या रोजच्या हातातलं, आम्ही त्याला एचसीएचसीआर, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम म्हणायचो, पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे बनवायला वापरायचो. पत्रा कापून कापून मशीन थकेल पण याची धार लवकर जात नाही, इतकं टणक. पण मे संपत आला की ग्राइंडिंग झालेली प्रत्येक डाय गंजरोधक तेल फासून, प्लास्टिकात गुंडाळूनच रॅकवर जायची, कारण चकचकीत ग्राइंड केलेल्या पृष्ठभागाला उघडा हात लागला तर दुसऱ्या दिवशी तिथे बोटाचा ठसा गंजाने उमटलेला दिसायचा, अगदी बोटावरच्या रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. घामातलं मीठ आणि हवेतला ओलावा, एवढंच पुरतं त्याला.

कारण साधं आहे. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असतं आणि कार्बन दीड टक्का. स्टेनलेस म्हणायला क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं, मग कागदावर हा आकडा बघून लोक त्याला सेमी-स्टेनलेस म्हणतात, पण एवढा कार्बन असला की तो बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून कार्बाइडचे कडक दाणे बनवतो. त्या दाण्यांमुळे धार टिकते हे खरं, पण गंज अडवायचं काम करतं ते उरलेल्या लोखंडात विरघळलेलं मोकळं क्रोमियम आणि ते मग कमी पडतं. म्हणजे ज्या गुणासाठी तू हा चाकू घेतलास त्याच गुणाची किंमत तू पावसाळ्यात मोजतोयस. पुण्याच्या पलीकडे कोरड्या हवेत राहणाऱ्याला हाच चाकू वर्षभर काही त्रास देणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की मुंबईत चाकू निवडताना पहिला प्रश्न धार किती टिकते हा नसावा, गंज किती अडवतो हा असावा. दुसरा प्रश्न पातं किती पातळ आहे. धार टिकणं तिसऱ्या नंबरावर, कारण धार परत लावता येते, दहा मिनिटांचं काम आहे, पण गंजाने पडलेला खड्डा बुजत नाही, तो घासून पातं झिजवूनच काढावा लागतो. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, गंज सगळ्यात आधी धारेलाच लागतो, कारण तिथे धातू सगळ्यात पातळ असतो. डोळ्यांना पातं स्वच्छ दिसतं पण ड्रॉवरमध्ये न वापरता महिनाभर पडलेला चाकू पावसाळ्यात बोथट झालेला सापडतो तो यामुळे.

आता तुझ्या ठिपक्यांचं बघू. फेकून देऊ नकोस. शिलाई मशीनचं तेल ठिपक्यांवर टाकून रात्रभर ठेव, सकाळी भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा छोटा तुकडा तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घास, गोल गोल नाही, नाहीतर पातं ओरखड्यांनी धुरकट दिसेल. पात्यावर काळं कोटिंग असेल तर स्क्रबर लावू नको, तेल आणि कापडच वापर. नुसता वरवरचा तपकिरी गंज असेल तर एवढ्याने जातो. खाली काळा बारीक ठिपका राहिला तर तो खड्डा आहे, त्यातला गंज निघाला की तेलाचा हात देऊन तसाच राहू दे, कामाला काही फरक पडत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव वगैरे सल्ले मिळतील, ते करू नको, आम्ल गंजाबरोबर धारही खातं. साफ झालेला हा चाकू नोव्हेंबर ते मे वापर, पावसाळ्यात तेल लावून कोरड्या डब्यात ठेव. चांगलं स्टील आहे, फक्त ऋतू चुकला.

रोजच्यासाठी मग काय घ्यायचं. तुझ्या बजेटात माझं पहिलं नाव व्हिक्टोरिनॉक्स, आणि त्यातही ज्यांच्या बाजूच्या पट्ट्या खडबडीत ॲल्युमिनियमच्या असतात ते ॲलॉक्सवाले, म्हणजे ८४ मिलिमीटरचा कॅडेट, किंवा हात मोठा असेल तर ९३ मिलिमीटरचा पायोनियर, बजेट थोडं ताणायला लागलं तरी चालेल. कंपनी १८८४ पासूनची आहे, नावातला इनॉक्स स्टेनलेसवरूनच आलाय. लोक म्हणतात की यांचं स्टील मऊ आहे, कडकपणाच्या मापात ५६ रॉकवेलच्या आसपास, डी२ साठच्या घरात जातं. बरोबर आहे, मऊच आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, क्रोमियम चौदाच्या आसपास, म्हणजे मोकळं क्रोमियम भरपूर उरतं. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेल्या खिशातही हा गंजत नाही, आणि बोथट झाला तर साध्या दगडावर पाच मिनिटांत परत उभा राहतो. पातं पातळ आहे त्यामुळे सफरचंद फाटत नाही, कापलं जातं. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तीन-चार मिलिमीटर जाडीची टॅक्टिकल दिसणारी पाती फळात घुसतात तेव्हा पाचरीसारखं काम करतात, मग कितीही धार लाव, गाजर कापताना ते तडकून दोन तुकडे होतात. दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडी आणि अडीच ते तीन इंच लांबी यापेक्षा जास्त शहरात कुणालाच लागत नाही, मी अगदी ठामपणे सांगतो.

दुसरा पर्याय फ्रान्सचा ओपिनेल, नंबर ८, पातं साडेआठ सेंटिमीटरचं, लाकडी मूठ. १८९० पासून जवळजवळ तसाच बनतोय आणि १९५५ पासून त्याला ती फिरणारी रिंग आली, रिंग फिरवली की पातं लॉक होतं. कापायला याच्याइतका सुंदर चाकू या किमतीत मला माहीत नाही, पातं इतकं पातळ घासलेलं असतं की कांद्याची चकती आरपार दिसेल अशी निघते. पण घेताना इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, लिहिलेलाच घे, साध्या कार्बन स्टीलचा नको. कार्बनवाल्याने कैरी कापून बघ एकदा, चिकाने आणि आंबटपणाने पातं मिनिटभरात करडं-निळं पडतं, कैरीच्या फोडीलाही लोखंडाची चव लागते. हळूहळू पात्यावर करडा थर जमतो आणि तो लाल गंजाला थोडा अडवतो हे खरं, ज्यांना रोज पुसायची आवड आहे त्यांनी जरूर वापरावा, पण ट्रेकवरून भिजून रात्री दहाला घरी येऊन बॅग कोपऱ्यात टाकणाऱ्या माणसाने नाही.

ओपिनेलची मुंबईतली खरी अडचण मात्र वेगळीच आहे, लाकूड. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बीच झाडाच्या लाकडाची मूठ फुगते आणि पातं आत आवळलं जातं, नखाने ओढून ओढून नख तुटायची वेळ येते. अशा वेळी मुठीची मागची कड टेबलावर टकटक आपटायची, पातं दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतं, मग बोटांनी धरून उघडायचं. कायमचा उपाय हिवाळ्यात करून ठेवायचा असतो. लाकूड पूर्ण सुकलेलं असताना खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती २२० नंबरच्या पॉलिश पेपरने जराशा घासायच्या, जुनं एटीएम कार्ड त्या पेपरमध्ये दुमडून आत सरकवलं की बरोबर बसतं, आणि मग रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल अळशीचं तेल दोन-तीन दिवस एकेक हात देऊन मुरवायचं. पण तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नको हां, अळशीचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेल्या कापडात ती उष्णता अडकून आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाक.

बाकी स्टीलं भराभर सांगतो. १२सी२७ आणि १४सी२८एन ही स्वीडनची, दोन्ही आपल्याकडे उत्तम, दुसऱ्यात नायट्रोजन घातलाय त्यामुळे गंजाला आणखी चांगलं, बजेटमधल्या चायनीज ब्रँडमध्येही आता मिळतं, लॉकवाला चाकू हवाच असेल तर हेच शोध. ८सीआर१३एमओव्ही ठीकठाक, रोज पुसलं तर काही होत नाही. एस३०व्ही, एस३५व्हीएन महाग आणि चांगली, पण त्यात व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात ते साध्या दगडाच्या दाण्यापेक्षा कडक, म्हणून त्यांना डायमंड प्लेटच लागते. मॅग्नाकट २०२१ मध्ये आलं, लॅरिन थॉमस नावाच्या धातुतज्ज्ञाने बनवलेलं, त्यात कार्बाइड क्रोमियमचे होऊच दिलेले नाहीत त्यामुळे सगळं क्रोमियम गंज अडवायला मोकळं राहतं आणि धारही टिकते, वर मी डी२ चं जे रडगाणं सांगितलं त्यावरचं हे खरं उत्तर आहे, पण किंमत तुझ्या बजेटच्या कितीतरी पट. समुद्रावर काम करणारे, मासेमारी किंवा सेलिंगवाले यांच्यासाठी एच१ आणि एलसी२००एन आहेत, खाऱ्या पाण्यात टाकून ठेवले तरी गंजत नाहीत म्हटलं तरी चालेल.

स्विस चाकू घेताना शक्यतो कंपनीच्या दुकानातून किंवा मॉलमधल्या अधिकृत काउंटरवरून घे, हातात घेऊन उघडून-मिटून बघता येतो. फुटपाथवर लाल मुठीवर क्रॉस असलेले ढीगभर मिळतात, ते वेगळेच असतात. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड असं कोरलेलं असतं. उघडताना शेवटी खट्कन बसला पाहिजे आणि पातं डावी-उजवी हलता कामा नये.

लॉक असलेला घ्यावा की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. फळं आणि पार्सलं यासाठी लॉक लागत नाही, स्लिपजॉइंट, म्हणजे नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडा राहणारा चाकू पुरे, फक्त टोकाने भोसकायचं काम करायचं नाही कारण दाब उलटा आला की पातं बोटांवर मिटतं. ट्रेकला ओले हात, दोरी, टणक फांदी असलं काही असेल तर लॉक हवा, आणि तिथे ओपिनेलची रिंग मला लायनर लॉकपेक्षा, म्हणजे मुठीतली पट्टी सरकून पात्यामागे अडते त्या लॉकपेक्षा, भरवशाची वाटते कारण त्यात चिखल अडकून बिघडेल असं फार काही नाहीच. लायनर लॉक घेतलास तर उघडून बघ, पट्टी पात्याच्या मागच्या भागावर नीट चढून बसते की नुसती कडेला टेकते ते. कडेला टेकत असेल तर तो चाकू घेऊ नको. बिजागरीत बेअरिंग असलेले चाकू भारी सुळकन उघडतात पण ट्रेकची रेती आणि खिशातला कचरा बेअरिंगमध्ये जाऊन कराकरा वाजायला लागतो, साधे फॉस्फर ब्रॉन्झचे वॉशर असलेला चाकू जास्त निभावतो.

आता धार. इथे जरा वेळ देऊन वाच.

सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नको. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, विळी, कोयता, कात्री यांना त्यांचं काम चालतं, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेच्या त्या केसाएवढ्या कडेचं तापमान काही क्षणात इतकं चढतं की स्टीलचं पाणी उतरतं. कड निळसर झाली की समज तिथलं टेंपरिंग, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा गेला, मग ती धार दोन दिवसांत जाणार. आणि तेवढ्यात पातंही बरंच खाल्लं जातं. तसंच ते व्हीच्या आकाराचे ओढायचे शार्पनर, कार्बाइडच्या दोन पट्ट्या असलेले, ते धार लावत नाहीत, धातू खरवडतात. धार लागल्यासारखी वाटते ती दाते पडल्यामुळे.

घरी काय लागतं, तर एक ४०० (जाडसर) आणि १००० (बारीक) ग्रिटचा दुतर्फा दगड किंवा डायमंड प्लेट, एक परमनंट मार्कर आणि जुना चामड्याचा पट्टा. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत डायमंड प्लेट, ऑइल स्टोन सगळं मिळतं, शनिवारी सकाळी जा, दुपारनंतर फार गर्दी. दगडावर पाणी वापरायचं ठरवलंस तर कायम पाणीच, तेल तर कायम तेलच, मिसळलंस तर दगडाची छिद्रं बुजतात. दगडाखाली ओला नॅपकिन घाल म्हणजे ओट्यावर सरकणार नाही.

सगळ्यांची गाडी अडते ती अँगलवर. एका बाजूला १७ अंशांच्या आसपास धर, एवढं लक्षात ठेव. पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर १७ अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे ६ मिलिमीटर वर हवी. टूलरूममध्ये नव्या पोरांना मी ६ मिलिमीटरची एलन की, म्हणजे षटकोनी पाना द्यायचो, ती दगडावर आडवी ठेवायची, तिच्यावर पात्याची पाठ टेकवायची, धार दगडाला लागू द्यायची आणि मनगट तिथेच पक्कं करायचं. मग की काढून घ्यायची आणि हात तसाच ठेवून घासायचं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं अरुंद आहे, तिथे चार-साडेचारची जागा धर.

घासायच्या आधी धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करने काळं कर. चार-पाच हात मारून बघ. काळा रंग फक्त वरच्या बाजूला, पाठीकडे गेला असेल तर पातं फार झोपलंय, अगदी टोकाच्या कडेलाच गेला असेल तर फार उभं आहे. पूर्ण उतार साफ झाला म्हणजे अँगल जमला. हा मार्कर तुला जे शिकवेल ते कुठलाही व्हिडिओ शिकवणार नाही.

मग ४०० वर एकच बाजू घासत राहा, मुळापासून टोकापर्यंत, टोकाकडे जाताना मूठ जराशी उचलायची कारण तिथे पातं वळलेलं असतं. किती हात मारायचे हे मोजू नको, बर यायची वाट बघ. बर म्हणजे घासलेला धातू पलीकडच्या बाजूला उलटून बसतो ती बारीक कड. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे सरकवून बाहेर काढायचा, कधीच धारेच्या बाजूने नाही, उलटलेली कड असेल तर कातडीला खरखर अडकल्यासारखं जाणवतं. ती मुळापासून टोकापर्यंत सलग जाणवली पाहिजे, मध्ये कुठे गुळगुळीत लागलं तर तिथे अजून धार पोचलेली नाही, तिथे परत घास. सलग बर आली की दुसरी बाजू, तिथूनही बर पहिल्या बाजूला आली पाहिजे. नव्वद टक्के लोकांची धार लागत नाही ती इथेच, बर यायच्या आधीच ते बारीक दगडावर जातात.

नंतर १००० वर तेच, पण दाब निम्मा. शेवटचे आठ-दहा हात एकदा ही बाजू एकदा ती, नुसतं चाकूचं वजन दगडावर, हाताचा दाब शून्य. याने बर झिजून बारीक होते. उरलेली पट्ट्यावर काढायची, पट्टा टेबलावर सपाट ठेवून, आतली खडबडीत बाजू वर, त्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून, पातं धार मागे ठेवून ओढायचं. वीसेक वेळा पुरे. पट्टा लोंबकळता धरला किंवा जोर दिला तर चामडं धारेभोवती गुंडाळतं आणि धार गोल होते. जुन्या पेपरचं पान हातात धरून वरच्या कडेवरून चाकू खाली सोड, न फाटता गेला पाहिजे, आणि पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर नुसता ठेवून ओढला की साल उघडली पाहिजे. पेपर एकाच जागी अडत असेल तर तिथे बर राहिलीय.

एकदा अशी धार लागली की पुढे दगडाची गरज क्वचित पडते. पंधरा दिवसांतून एकदा पट्टा मार, बस. पार्सलच्या पुठ्ठ्याने धार लवकर जाते, पुठ्ठ्यात कचकच असते, म्हणून नुसती टेप काप, पुठ्ठा कापायला पाच रुपयांचं कटर ब्लेड वापर.

देखभालीचं बाकी फार नाही पण नियमाने व्हायला हवं. टेपचा चिकट गोंद पात्याला बसला की तिथे घाण आणि ओलावा धरतो, सॅनिटायझर कापसावर घेऊन पूस, लगेच निघतो. लिंबू, कैरी, अननस, खारे शेंगदाणे, मिठाचा पेरू, काहीही कापलं की आधी पाण्याने धू आणि मग कोरडं कर, नुसतं रुमालाला पुसून मिटलंस तर रस आत बिजागरीत जातो. ट्रेकवरून आल्यावर उघडा करून गरम पाण्याखाली धर, झटक, आणि पंख्याखाली उघडाच रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी बिजागरीत एक थेंब तेल. तेल कुठलं, तर चाकूने खायचं कापायचं असेल तर केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन, शुद्ध खनिज तेल असतं, वास नाही, खराब होत नाही, छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते. खोबरेल किंवा गोडंतेल लावू नको, ते दोन महिन्यांत चिकट होतं, मग पातं उघडायला जोर लागतो आणि खवट वास येतो तो वेगळाच. डब्लूडी-४० नावाचा स्प्रे पाणी हाकलायला आणि धुवायला चांगलं आहे, पण तो उडून जातो, बिजागरीचं तेल म्हणून त्याच्यावर विसंबू नको.

स्क्रूवाला चाकू असेल तर टी६ आणि टी८ चे टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे बिट चांगल्या प्रतीचे घे, स्वस्तातले बिट स्क्रूचं डोकं खातात. पिव्हट, म्हणजे बिजागरीचा स्क्रू सारखा सैल होत असेल तर आटे तेलमुक्त पुसून निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, लाल अजिबात नाही, तो परत उघडणार नाही. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये चाकू ठेवून पावसाळा काढू नकोस, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. घट्ट झाकणाचा डबा आणि नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, ती महिन्यातून एकदा मंद आचेवरच्या तव्याजवळ शेकून परत वापरता येते.

आता कायदा. नेटवर सगळे एकच वाक्य सांगतात की नऊ इंचांखालचा चाकू चालतो. ते कुठून आलं ते सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा फळं कापायचा चाकू या यादीत येत नाही, इथपर्यंत ठीक. पण मुंबईत दुसरीही एक गोष्ट लागू असते, १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा, त्याचं कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीचा मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर सुरे आणि इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगणं येतं. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या काळात असे आदेश निघतात, वर्तमानपत्रात छापून येतात. त्या वेळी इंचांचा हिशोब उपयोगाचा नाही. असा आदेश चालू असेल तेव्हा चाकू घरी ठेव, एवढं सोपं आहे.

बाकीच्या दिवसांतही तू काय, कुठे आणि कशासाठी जवळ ठेवतोस यावर सगळं अवलंबून असतं. लाल मुठीचा स्विस चाकू डब्याच्या पिशवीत, सफरचंदाशेजारी असेल तर त्याचा उपयोग विचारणाऱ्याला लगेच कळतो. तोच माणूस काळ्या कोटिंगचा, क्लिपने खिशाला अडकवलेला, एका बोटाने फटकन उघडणारा चाकू घेऊन रात्री बाराला नाक्यावर उभा असेल तर तपासणाऱ्या पोलिसाला शंका यायलाच हवी, तो त्याचं काम करतोय. बटणाचा, खटक्याचा, रामपुरी छापाचा तर घेऊच नकोस, कितीही छोटा असला तरी. आणि चाकू स्वसंरक्षणासाठी ठेवतो असं मनात सुद्धा आणू नको, पोलिसांसमोर तर नाहीच. झटापटीत मिटणाऱ्या पात्याने पहिली बोटं कापली जातात ती स्वतःची, आणि त्यानंतर कोर्टात तुझी बाजू मांडायला तुझ्याजवळ काही उरत नाही.

मेट्रोला बॅग एक्स-रेमधून जाते आणि धारदार वस्तू अडवतात, म्हणून ज्या दिवशी मेट्रोने जाणार त्या दिवशी चाकू नेऊ नको. सीएसएमटी, दादर अशा मोठ्या स्टेशनवरही बॅग तपासू शकतात. मंत्रालय, हायकोर्ट, वानखेडेची मॅच, मॉल, सगळीकडे हेच. विमानात केबिन बॅगेत अजिबात चालत नाही, किल्लीच्या जुडग्यातला व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा छोटा क्लासिकसुद्धा सिक्युरिटीला काढून घेतात आणि परत मिळत नाही, तेव्हा निघायच्या आदल्या रात्रीच तो जुडग्यातून काढून चेक-इनच्या बॅगेत टाक. तुझ्यासारख्या रोज बीकेसीला जाणाऱ्याने सरळ दोन सोयी कराव्यात, कॅडेट किंवा ओपिनेल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एचआरला किंवा सिक्युरिटीला एकदा दाखवून, फळं आणि पार्सलांसाठी, आणि ट्रेकच्या दिवशी तोच सॅकच्या आतल्या कप्प्यात, नॅपकिनमध्ये गुंडाळून. प्रवासात खिशात काहीच नसलं तरी तुझं एकही काम अडणार नाही.